दोनातेल्लो पुन्हा निघेल त्या दिवशी

तारान्तो, ३० जानेवारी १९२१

प्रिय ओरोन्त्सोदादा आणि अद्दोलोराता वहिनी,

दोघांनाही नमस्कार. नाताळचं कार्ड पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. निकोलेत्ताचा गुडघा थंडीत कुरकुरतो, बाकी आम्ही दोघं ठणठणीत. दादा, तुझं सुतारकामाचं दुकान नीट चाललंय, हाताखाली दोन माणसं आहेत, हे वाचून बरं वाटलं. तुमच्याकडे समुद्रापलीकडे रोसारिओत आता भर उन्हाळा असेल. इथे आतल्या धाकट्या दर्यावरून असा वारा येतोय की आजोबा असते तर चुलीपुढून हलले नसते.

आज मुद्दाम लिहायला बसलो, कारण बातमीच तशी आहे. दोनातेल्लो सरळ झालं.

दोन वर्षांपूर्वी मी लिहिलं होतं ते आठवत असेल. बुडी मारणाऱ्या माणसांनी भोकं बुजवली, आत हवा कोंडली आणि युद्धात स्फोट होऊन बंदरातच बुडालेलं ते जहाज पोट वर करून तरंगलं. मग तसंच उलटं त्याला सुक्या गोदीत आणून ठेवलं होतं. लोक म्हणायचे, पाठीवर पडलेलं कासव कधी सरळ होतं का? गेल्या मंगळवारी झालं. दादा, जिथे तू शिंपले वाढवायचे दोर सोडायचास, तिथून हाकेच्या अंतरावर तळाशी मोठा खड्डा खणला होता. जहाज तिथे ओढत नेलं आणि एका बाजूच्या टाक्यांत पाणी सोडलं. सकाळी दहाला सुरुवात झाली. अर्धा तास काहीच नाही. मग ते कण्हलं. खरंच कण्हलं, दुसरा शब्द नाही. हळूहळू कललं आणि एकदम सगळं वजन टाकून उलटलं. लाट अशी उठली की मच्छीमारांच्या होड्या एकमेकींवर आपटल्या.

मास्तर कातेल्लो, आमचा मुकादम, माझ्या शेजारी होता. म्हणाला, "चाळीस वर्षं जहाजं बांधली रे एजिदियो, पण जहाजाला कूस बदलताना आज पाहिलं."

अख्खं गाव धक्क्यावर होतं, पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डेकवरून चिखल ओघळत होता. तेवढ्यात गर्दीतून एका बाईने मोठ्याने एक नाव घेतलं. मुलाचं असेल. मग दुसरीने घेतलं, मग तिसरीने. बघता बघता सगळ्या बाया आपापल्या माणसांची नावं घेऊन जहाजाला हाका मारू लागल्या. निकोलेत्तानेही मारली. मी मारली नाही. पाणी कुठल्या खुणेपर्यंत आलं ते मला लिहून घ्यायचं होतं, माझं कामच ते.

आता पुढचं ऐक. जहाज भंगारात जाणार नाही. इंजिनियर फेरांदो म्हणून जिनोव्हाकडचे साहेब आहेत, त्यांनी ते पुन्हा बांधायची योजना केली आहे. मधला तोफांचा बुरूज काढून टाकायचा, इंजिनं बदलायची, वरचं सगळं नव्याने उभारायचं. नकाशे काढायला आम्ही चौदा जण आहोत आणि मोठ्या कागदावर माझा हात चालतो. चार-पाच वर्षांत दोनातेल्लो स्वतःच्या वाफेवर उघडलेल्या फिरत्या पुलामधून बाहेरच्या थोरल्या दर्यात निघेल. त्या दिवशी तुम्ही दोघांनी इथे असलंच पाहिजे. धक्क्यावर पहिल्या रांगेत उभं करतो तुम्हाला, बघा.

ज्या जहाजाने तुमचं पोर, आपला दामियानो नेला, ते चिखलात पडून राहिलं नाही, एवढं तरी होईल.

निकोलेत्ताचा वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
एजिदियो


तारान्तो, २ ऑक्टोबर १९२२

प्रिय दादा आणि वहिनी,

नमस्कार, आम्ही खुशाल आहोत. तुमचं ऑगस्टचं पत्र मिळालं. वाचून निकोलेत्ता रडली आणि लगेच वरची खोली झाडायला घेतली. तुम्ही दुकान विकून कायमचे परत यायचं म्हणताय!

या, नक्की या. पण घाई करू नका. गिऱ्हाईक चांगलं मिळेपर्यंत थांबा. बारा वर्षांची मेहनत आहे, उगाच कुणाच्या घशात घालू नका.

नकाशांचं काम जोरात आहे. मधल्या बुरुजाचा भाग माझ्याकडे आला. जुन्या नकाशात तिथे बुरूज, त्याखाली दारूकोठार, त्याच्या बाजूला विजेच्या यंत्रांची खोली. दामियानोची कामाची खोली तीच. फेरांदोसाहेबांनी विचारलं, "बुरूज गेला, आता या जागेचं काय करूया?" मी म्हटलं, "साहेब, खलाशांना बसून जेवायला जागा करू. मोठ्या खिडक्यांची." ते हसले. म्हणाले, "युद्धनौकेला खिडक्या नसतात, एजिदियो." पण जेवणघर त्यांनी मान्य केलं. मी तिथे सहा लांब टेबलं काढली आहेत. बाकांचे कोपरे गोल केलेत, गुडघ्याला लागू नयेत म्हणून.

पेपरात येतं की मोठ्या देशांनी आपसांत करार केलाय, युद्धनौका कमी करायच्या. रोममध्ये मंत्री बदलतात तसे कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जातात. कातेल्लो म्हणतो, "राजधानीत जहाज बुडत नाही, नुसतं भिजत पडतं." तो बोलतोच असं. तुम्ही मनावर घेऊ नका.

गेल्या आठवड्यात पुन्हा एकदा कण्याची मापं घेतली. कणा म्हणजे जहाजाच्या तळातून नाकापासून शेपटापर्यंत जातो तो. त्यावर सगळं उभं. मापं ठीक आहेत.

वहिनी, तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय की दामियानो तर ब्रिंदिसीला टॉर्पेडो बोटीवर होता, मग तो या जहाजावर आला कसा. युद्धात हुकूम येतात, माणसं इकडची तिकडे जातात. कोण कुणाला विचारणार?

जहाजात सापडलेल्या सगळ्यांना एकत्र पुरलंय, हे मी मागे कळवलं होतं. नावं ओळखता आली नाहीत. निकोलेत्ता दर महिन्याला फुलं घेऊन जाते. मला गोदीतून वेळ होत नाही.

आता पुरे करतो, दिव्यातलं तेल संपत आलंय.

तुझा,
एजिदियो


तारान्तो, १८ मार्च १९२३

दादा,

आधी कामाचं: दुकान विकू नकोस. बोलणी झाली असतील तर मोड. माझा शब्द खोटा पडला असं खुशाल सांग गिऱ्हाइकाला.

दोनातेल्लो बांधलं जाणार नाही. ते भंगारात काढायचं ठरलं. तोडायला माणसं पुढच्या महिन्यात येतील. आमचे चौदा जणांचे नकाशे गुंडाळून कपाटात गेले.

हे पत्र फक्त तुला लिहितोय. वहिनींना वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. लहान आधी सांगतो.

जहाज उलटं गोदीत होतं तेव्हाच मी कण्याला तार ताणून माप घेतलं होतं. कणा मधोमध अकरा सेंटिमीटर वाकला होता. स्फोटाने, की चिखलात तीन वर्षं उलटं पडल्याने, देव जाणे. एवढा कणा वाकलेलं जहाज सरळ करायचं म्हणजे नवं बांधण्यासारखंच. मी कागदावर चार लिहिलं. सरळ झाल्यावर पुन्हा मापलं, पुन्हा चार लिहिलं. ऑक्टोबरमध्ये तुला लिहिलं की मापं ठीक आहेत, त्या आठवड्यातही अकराच होतं.

गेल्या महिन्यात रोमहून तपासणीला साहेब येणार होते. आदल्या दिवशी फेरांदोसाहेब शेवटच्या नकाशावर सही करायला बसले. त्यांनी टाक शाईत बुडवला आणि माझ्याने राहवलं नाही.

"साहेब, थांबा. कणा अकरा सेंटिमीटर वाकलाय. चार मी खोटं लिहिलं."

त्यांनी टाक खाली ठेवला.

"का?"

"जहाज निघावं म्हणून."

"आणि निघून भर समुद्रात मोडलं असतं तर? हजार माणसं असतात त्याच्यावर."

"म्हणूनच आत्ता सांगितलं."

"तीन वर्षं लागली सांगायला." मग उठून खिडकीशी गेले. तिथून जहाज दिसतं. "या आकड्यामुळे जहाज मरणार नाही, एजिदियो. रोममध्ये कुणाला ते हवंच नव्हतं, मला वर्षभरापूर्वी कळवलंय त्यांनी. मीच काम रेटत होतो. पण म्हणून तुमचं लिहिणं माफ होत नाही. यापुढे मापाला तुमचा हात लागणार नाही."

मला नकाशांच्या खोलीतून काढलं. आता कातेल्लोच्या हाताखाली लाकडाच्या कोठीत हिशेब बघतो. तक्रार नाही. व्हायचं तेच झालं.

आता दुसरी गोष्ट.

दादा, दामियानोला ब्रिंदिसीहून दोनातेल्लोवर हुकुमाने आणलं नाही. मी आणलं.

तुम्ही गेलात तेव्हा तो बारा वर्षांचा. शाळा संपली की बोलावून घेऊ म्हणालात आणि माझ्या हातात त्याचा हात दिलात. मग युद्ध आलं. तो नौदलात गेला, टॉर्पेडो बोटीवर. रोज संध्याकाळी बाहेर समुद्रात. निकोलेत्ता खायची नाही. मला मूलबाळ नाही दादा, तुला ठाऊक आहे. ती सहा वर्षं आमच्या घरात मूल होतं. खरं सांगायचं तर मी त्याच्या जिवाची काळजी केली, तेवढीच आमच्या रिकाम्या घराचीही केली. इथे नौदलाच्या कचेरीत एक अधिकारी होता. त्याच्या मुलीच्या लग्नासाठी कपाटांचे नकाशे मी फुकट काढून दिले होते. त्याच्या घरी गेलो, टोपी हातात घेऊन उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, पोराला इथे आणा. मोठी जहाजं बंदरातच नांगरलेली असतात. ती कुठे जातात?" तो म्हणाला, "खरंय, त्यांच्याइतकं सुखी कुणी नाही." आठवड्यात हुकूम निघाला.

दामियानो यायला तयार नव्हता. तिथे त्याचे सोबती होते. मला म्हणाला, "काका, लोक म्हणतील घाबरून पळाला." मी म्हटलं, "म्हणू देत. काकूसाठी ये."

तो आला. मार्चपासून जूनपर्यंत दर रविवारी आमच्याकडे असायचा. मग जूनमधला तो मंगळवार, स्फोटाचा. अर्धे खलाशी रजेवर शहरात होते. तो नव्हता. त्याने आपली रजा एका लग्नाळू सोबत्याला दिली होती.

ती टॉर्पेडो बोट युद्ध संपल्यावर परत आली, दादा. तिच्यातला एकही माणूस गेला नाही. त्यातला एक इथेच कोळशाच्या धक्क्यावर काम करतो. मला दिसला की मी गल्ली बदलतो.

तुला सात वर्षं पत्रं लिहिली. जहाजाचे पत्रे, रिव्हेट, टाक्या, सगळं सांगितलं. ते जहाज वर येईल, सरळ होईल, निघेल, म्हणजे मी त्याला बुडणाऱ्या जहाजावर पाठवलं असं उरणार नाही, असं काहीतरी डोक्यात घेऊन बसलो होतो. असं कुठे होतं का? पण तेवढ्यासाठी मी कण्याचं माप खोटं लिहिलं. तेवढ्यासाठी तुला दुकान विकायला लावणार होतो.

काल पहिल्यांदा कबरस्तानात गेलो. निकोलेत्ता सोबत होती. तिथे एक लांब दगड आहे, नावं नाहीत. मी फार वेळ थांबू शकलो नाही.

मी क्षमा मागत नाही. मागायला तोंड नाही. वहिनींनी विचारलं होतं, त्याचं खरं उत्तर एवढंच की मी.

एरवी खाली 'तुझा भाऊ' लिहितो. आज नुसतं नाव लिहितो. बाकीचं लिहायचं की नाही, ते तुझ्या हातात.

एजिदियो


तारान्तो, १ जुलै १९२३

प्रिय दादा आणि प्रिय वहिनी,

नमस्कार. दादा, तुझं पत्र परवा आलं. पाकीट निकोलेत्ताने फोडलं. अर्धं पान. त्यातही पहिल्या चार ओळी अशा की त्या इथे पुन्हा लिहिणार नाही. त्या मला लागूच आहेत. लागाव्यात म्हणूनच लिहिल्यास, आणि लागल्या. त्याखाली वहिनींच्या हातची एकच ओळ:

"जहाजाचं पुरे. मुलाचं लिहा."

दोन दिवस कोऱ्या कागदापुढे बसलो. जहाजावर पानंच्या पानं लिहिणारा मी, मला सुरुवात सापडेना. शेवटी निकोलेत्ता म्हणाली, "अहो, तुम्ही काय, जसं आठवतं तसं लिहा. आई आहे ती, तिला क्रम नको असतो." ती इथेच बसली आहे, मी चुकलो की दुरुस्त करते.

वहिनी, तो दादापेक्षा उंच झाला होता. आमच्या स्वयंपाकघराच्या दारात मान खाली घालायचा, आणि तरीही आठवड्यातून एकदा कपाळ आपटायचा. मग दारालाच शिव्या द्यायचा. कान तुमच्यासारखे, जरा बाहेर. त्यावरून जहाजावर त्याला 'शिडं' म्हणायचे. तो चिडायचा नाही. म्हणायचा, "वारा पडला तर माझ्यावरच भिस्त आहे तुमची."

बटाटे, तांदूळ आणि शिंपले घालून भाजलेलं भांडं चुलीतून निघालं की तळाची खरपुडी त्याची. निकोलेत्ता म्हणते, खरपुडीसाठी मी आणि तो भांडायचो. खरं आहे. शेवटच्या रविवारी मी त्याला पूर्ण दिली नाही, अर्धी घेतली. हे लिहू नका म्हणते, पण तुम्हाला सगळं पाहिजे असेल असं मला वाटतं.

त्या रविवारी तो चेरी खात अंगणात बसला होता आणि बिया कुंपणापलीकडे थुंकत होता. शेजारची म्हातारी ओरडली, "नौदल आलं का माझ्या कोंबड्यांवर?" तो उठून गेला, तिची माफी मागितली आणि तिच्या खुराड्याची मोडकी कडी बसवून आला. ती अजून तीच कडी लावते.

दोरखंड वळणाऱ्याची एक मुलगी होती. तिच्याकडे नुसता बघायचा. मी म्हटलं, "बोल की एकदा." म्हणाला, "काका, तोफेला मी घाबरत नाही. तिच्या आईला घाबरतो." बोलला नाही, असं मला वाटायचं. पण निकोलेत्ता आत्ता सांगते की बोलला होता, एकदा, आणि घरी येऊन तिला सांगितलं होतं. काय बोलला, ते तिने विचारलं नाही.

शिट्टी वाजवत जिना चढायचा. खोटं बोलला की डावा डोळा मिचकायचा, म्हणून बोलत नसे. तुमची पत्रं त्याच्या पेटीत होती, बारा ते अठरा वर्षांपर्यंतची सगळी, एका नाडीने बांधलेली. जहाजावर नेली नाहीत, भिजतील म्हणाला. ती आमच्याकडे आहेत. या पत्रासोबत पाठवत नाही, वाटेत हरवतील. जो कुणी खात्रीचा माणूस तिकडे येईल त्याच्या हातात देईन.

आता एक गोष्ट निकोलेत्ता सांगते आणि मी लिहितो. ती रडतेय, पण लिहाच म्हणते.

चौदाव्या वर्षी त्याला ताप आला होता. आम्ही तेव्हा तुम्हाला 'थोडा ताप' असं कळवलं. थोडा नव्हता. बारा दिवस होता. एका दुपारी त्याला काही कळत नव्हतं आणि तो सारखा 'आई, आई' करत होता. निकोलेत्ता पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. शेवटी तिला बघवेना. ती म्हणाली, "हो रे बाळा, मी इथेच आहे." तो लगेच शांत झाला आणि झोपला. तिथून ताप उतरला.

त्यानंतर पुढे कितीतरी वर्षं ती मनात म्हणायची, त्याने मला आई म्हटलं. मलाही तसंच सांगायची आणि मीही मान डोलवायचो. वहिनी, त्याने तिला म्हटलं नव्हतं. तो तुम्हाला हाका मारत होता. त्याला वाटलं तुम्हीच उत्तर दिलंत, म्हणून तो बरा झाला. हे आम्हाला त्या दुपारीच कळलं होतं. पण आम्ही ते घरात ठेवून घेतलं. ते तुमचं होतं, वहिनी. अकरा वर्षं उशिरा तुम्हाला पोचतं करतोय.

दोघांना नमस्कार.

त्याचा काका,
एजिदियो